सावळ्याचा ठेका

मावळात पासष्ट-सत्तरच्या सुमारास ज्यांची लग्नं झाली, त्यांच्या वरातीत एक रेकॉर्ड वाजलीच असणार. वाजवणारा मीच. कामशेतच्या बाजारात माझं लाउडस्पीकरचं दुकान होतं आणि आसपासच्या गावांत कुठंही मांडव पडला की माझा कर्णा त्या मांडवाच्या बांबूला बांधलेला असायचा. लोक यायचे आणि म्हणायचे, "सोपानशेठ, ती ढोलाची लावा." सिनेमाच्या गाण्यांची थप्पी समोर असताना लोकांना ती ढोलाची हवी असायची. नवरदेवाच्या मित्रांपासून म्हाताऱ्या आत्यापर्यंत सगळे त्यावर नाचायचे. त्यातला ढोल कुणाचा, हे मात्र एकानंही विचारलं नाही. लोकांना गूळ गोड लागतो, ऊस कुणी तोडला याची चौकशी कोण करतो?

म्हणून मी सांगतो. तो ढोल सावळ्याचा.

सावळा बेडशाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाडीत राहायचा. लेण्यांकडं जाणारी वाट सोडून डावीकडं चढत गेलं की दहा-बारा घरं लागतात, त्यातलं शेवटचं त्याचं. थोडी नाचणी, थोडी वरई, पावसाळ्यात खालच्या गावात भातलावणीची मजुरी, उन्हाळ्यात लाकडं, करवंदं. उंच, हडकुळा, बोलायला कंजूष. पण गळ्यात ढोल अडकवला की माणूस बदलायचा. एका बाजूला जाड टिपरू, दुसऱ्या बाजूला वेताची बारीक काडी. एक मोठा ठोका, दोन बारके, मग जरासा दम, आणि पुन्हा मोठा. ऐकायला सोपं. मी स्वतः टेबलावर बोटांनी शंभरदा वाजवून पाहिलं, तो दम काही मला साधला नाही.

त्या ठेक्याची एक रीत होती. गौरीच्या दिवसांत आसपासच्या वाड्यांवरची माणसं एकमेकांकडं नाचायला जायची. ढोल यजमान वाडीचा आणि गाणी सगळ्यांची. ठेका एकच चालू ठेवायचा आणि त्यावर प्रत्येक बाईनं आपापलं कडवं बांधायचं. उर्स्याच्या डोंगरावरची आपल्या सासूला टोमणा मारायची, पलीकडच्या खोऱ्यातली पावसाला शिव्या द्यायची, कुणी देवाचं म्हणायची. कडवं तिथल्या तिथं जुळवायचं. मागल्या वर्षीचं परत म्हटलं तर बायका हसायच्या, "शिळं आणलंस गं!" आणि रीत अशी, की आधी पाहुण्यांनी म्हणायचं, घरच्या बाईनं शेवटी. पाहुण्यांचा मान मोठा. घरच्या बाईनं म्हटलं की फेर सुटला. तोवर ढोल थांबवायचा नाही. मग हात तुटो नाहीतर पाऊस येवो.

घरची बाई म्हणजे सावळ्याची बायको, पुतळाबाई. ठेंगणी, काळीसावळी, आणि हसायला लागली की आख्खी हलायची. बाजाराला आली की माझ्या दुकानासमोर टोपली ठेवून उभी राहायची आणि कर्ण्याकडं बोट दाखवून विचारायची, "भाऊ, ह्या बाईला आत कोंडून ठिवलीय का? जेवाया तरी घालता का न्हाई तिला?" मी म्हणायचो, "घालतो की, तुझी करवंदं." त्यावर ती ओंजळभर करवंदं माझ्या टेबलावर ओतायची आणि पैसे घ्यायची नाही. तिचा आवाज जाडसर होता. सिनेमावाल्यांनी तिला दारातही उभं केलं नसतं. पण ती कडवं म्हणायला लागली की नाचणाऱ्यांचे पाय आपोआप हळू व्हायचे, शब्द ऐकायला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तर एकोणीसशे त्रेसष्ट साली दसऱ्यानंतर मुन्शी नावाचे एक गृहस्थ माझ्या दुकानात आले. मुंबईत त्यांची रेकॉर्डची छोटीशी कंपनी होती. मी त्यांच्याकडून माल घ्यायचो. गुजराती माणूस, मराठी बरं बोलायचे, पोट पुढं आणि मन मऊ. म्हणाले, "सोपानभाई, गावाकडची खरी गाणी पाहिजेत. लोणावळ्याला आमच्या मेहुण्याचा बंगला आहे, मशीन तिथं लावतो. माणसं तुम्ही आणा." मी म्हटलं, माणसं आणतो, पण ढोल एकाचाच. बाकी गातील कुणीही.

मुन्शींनी गाडी पाठवली. वाडीवरून सावळा आणि पुतळाबाई, त्यांची चार-पाच वर्षांची शालन आजीपाशी ठेवून आलेले. उर्स्याच्या डोंगरावरून भागूबाई, ही मोठी नावाजलेली गाणारी, वयानं सगळ्यांच्या वर. पलीकडच्या खोऱ्यातली सावित्राबाई आणि तिचा भाऊ शिदू. शिदूचा आवाज इतका बारीक की डोळे मिटले तर पोरगीच गातेय असं वाटावं. एवढी वरात मी लोणावळ्याला नेली. बायकांनी नवी लुगडी नेसली होती. घाटातल्या गार वाऱ्यानं ढोलाची कातडी मात्र ढिली पडली.

आता ढोल तापवायचा म्हणजे पेंढा पेटवायचा. सावळ्यानं बंगल्याच्या हिरवळीवर पेंढ्याची मूठ पेटवली आणि माळी काठी घेऊन धावत आला. शेवटी स्वयंपाकघरात शेगडीवर ढोल धरला. आचारी नाकाला फडकं लावून उभा. दिवाणखान्यात खिडक्यांना रजया लावल्या होत्या, कारण जवळच रेल्वेची लाइन आणि घाट चढवणारी इंजिनं शिट्ट्या मारायची. मधोमध टेबलावर टेपचं मशीन. मुंबईला नेऊन त्यावरून रेकॉर्ड करायची होती. तीन मिनिटांत बसायला पाहिजे, असं मुन्शींनी चारदा सांगितलं. त्या मंडळींना मिनिट म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. त्यांनी मान डोलावली.

"आधी नुसतं करून बघू," मुन्शी म्हणाले. "कुणीतरी म्हणा."

भागूबाई मशीनकडं बघून भिंतीला चिकटली. सावित्राबाईनं तोंडात पदर कोंबला. शेवटी पुतळाबाई म्हणाली, "म्या म्हंते की. खातंय का काय ते?" आणि सावळ्यानं ठेका धरला. ती गायली. मुन्शींनी मशीन उलटं फिरवलं आणि तेच आम्हाला ऐकवलं.

त्या पेटीतून पुतळाबाई गायला लागली तेव्हा जो गोंधळ झाला! पुतळाबाई स्वतः खाली बसली आणि पोट धरून हसायला लागली. भागूबाईनं मला कोपरानं ढोसलं, "सोपाना, आवाज काडून घेत्यात, तर परत देत्यात ना रं?" आचारीसुद्धा दारात आला. मुन्शींचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "वा! हेच राहू द्या. पहिलं हिचं. आता बाकीच्यांनी ह्याच्या पुढं म्हणा."

सावळा एवढा वेळ ढोलावर हात ठेवून, कपाळाला आठ्या घालून उभा होता. तो पुढं आला.

"न्हाई सायेब. आसं न्हाई चालायचं."

"का? काय झालं?"

"घरची आदी आन् पावनी मागनं? ही भागूमावशी एवड्या लांबनं आली. तिला काय आमी उष्टं वाडायचं? जलमभर तोंड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई. परत घ्या. पयल्यापासनं."

मुन्शींनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, रीतच आहे तशी. पुतळाबाईही म्हणाली, "व्हय सायेब, ह्यांचं बराबर हाय. माजं शेवटाला ऱ्हाउद्या." नवऱ्याचा अभिमान तिच्या तोंडावर मावत नव्हता. भागूबाईनं सगळ्यांसमोर सावळ्याच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मान असा मिळाला की म्हातारीची भीतीही पळाली.

मग खरं काम सुरू झालं. बंगल्याचं कुत्रं ढोलाच्या आवाजानं पिसाळल्यासारखं करत होतं, म्हणून त्याचा पट्टा धरून व्हरांड्यात बसायचं काम माझ्याकडं आलं. साहित्य-संगीताची सेवा म्हणतात ती हीच. मालगाडी जाऊ दिली, दार लावलं आणि आतून ठेका सुरू झाला. भागूबाई पहिली.

"आले उर्स्याच्या वाटंनं, काटा टोचला पायाला,
सावळ्याच्या ढोलापायी, वेळ न्हाई बसायाला."

एवढ्यावर ती थांबेल? मान मिळालेला, त्याची परतफेड नको? तिनं यजमानाच्या घराचं एक, त्याच्या ढोलाचं एक, त्याच्या लेकीचं एक असं लांबवत नेलं. मग सावित्राबाई. मग शिदू. मग पुतळाबाईचा जाड आवाज दाराआडून आला, मी कुत्र्याचं तोंड दाबून धरलं, आणि थोड्या वेळानं ढोल थांबला. सगळी हसत बाहेर आली. पुतळाबाईच्या कपाळावर घाम होता. मला म्हणाली, "भाऊ, आता मला बी कोंडली बगा पेटीत. जेवाया घाला."

परत जाताना मुन्शींनी सगळ्यांना चिक्कीचे पुडे दिले. पुतळाबाईनं आपला पुडा शालनसाठी ओटीत घट्ट धरून ठेवला होता.

संक्रांत झाली आणि त्याच महिन्यात पुतळाबाई गेली. लोणावळ्याला आली तेव्हाच दिवस राहिलेले होते; मूल आडवं आलं. सावळा आणि वाडीवरचे तिघं तिला झोळीत घालून डोंगर उतरले. खाली गावात पोचेपर्यंत ती बोलत होती, असं त्यांच्यातला एकजण मला म्हणाला. कामशेतच्या डॉक्टरांच्या दारात झोळी टेकवली तेव्हा बोलणं थांबलं होतं. मी दुकानातून धावत गेलो. सावळा झोळीचा बांबू खांद्यावरून उतरवायला तयार नव्हता. मला त्या दिवसाचं जास्त काही लिहवत नाही.

होळीच्या आसपास मुंबईहून रेकॉर्डचा गठ्ठा आला. मी निरोप पाठवला आणि सावळा दुसऱ्याच दिवशी उतरून आला. एवढ्या दिवसांत माणूस अर्धा झाला होता. पण डोळ्यांत काहीतरी होतं, आशाच म्हणायची. दुकानाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "सोपानभाऊ, आमच्यात वरीस हुईस्तवर ढोलाला हात लावत न्हाईत. ह्यो वाजला तर चालंल का?"

मी म्हटलं, "हात माझा, मशीन माझं. तू फक्त ऐक."

तो आत आला. बाजाराचा दिवस होता, मी कर्ण्याची वायर काढून ठेवली आणि आतलाच छोटा भोंगा लावला. ठेका सुरू झाला. सावळ्यानं डोळे मिटले. भागूबाईचं झालं, त्यानं एक बोट मिटलं. सावित्राबाई, दुसरं बोट. शिदू, तिसरं. मग ढोल एकटाच वाजत राहिला, दोन फेर, तीन फेर. सावळा खुर्चीच्या कडेवर पुढं सरकला. ती आता दम घेत असणार, हे त्याच्या अंगाला ठाऊक होतं. आणि खर्रर्र करून पिन आत गेली. संपलं.

"आता?" तो म्हणाला.

मी पुन्हा लावली. पुन्हा तेच. मी उलटी बाजू लावली. त्यावर कुठल्यातरी दुसऱ्याच गावचं लेझीम होतं. तेही त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, न जाणो तिकडं गेली असेल म्हणून. मग त्यानं रेकॉर्ड हातात घेतली आणि मधल्या कागदावर बोट ठेवलं.

"ह्यावर काय लिव्हलंय?"

मी वाचलं, "मावळचा ढोल. विविध कलाकार."

"म्हंजी?"

"म्हणजे... निरनिराळी माणसं. बरीच जण."

"समदी?"

"हो, सगळी."

"मंग ती बी आली त्यात," तो म्हणाला. "लिव्हलंय न्हवं समदी. मंग आसलंच की. निट लावा."

मी तिसऱ्यांदा लावली.  पिन शेवटाला गेली तेव्हा तो रडला नाही. रेकॉर्डवर तळहात ठेवून बसून राहिला. गिऱ्हाईक आलं, त्याला मी हाकलून दिलं. जन्मात पहिल्यांदा मी गिऱ्हाईक हाकललं.

मग तो उठला आणि म्हणाला, "पर पयल्यांदा ती गायली ती? पेटीतनं आमी समद्यांनी ऐकली. ती तर हाय न्हवं सायबाकडं?"

मी खुर्चीतून ताडकन उठलो. खरंच की! हसत-हसत बसलेली पुतळाबाई आणि पेटीतून गाणारी पुतळाबाई, दोन्ही मला डोळ्यासमोर दिसल्या. मी म्हटलं, "आहे, सावळाभाऊ, असणारच. मुन्शीसाहेब मे महिन्यात बंगल्यावर येतात. आपण जाऊ. तेवढं एकटं तिचं मी वेगळं करून आणतो, माझ्या खर्चानं." असं मी बोललो. भर बाजाराच्या दिवशी छातीवर हात ठेवून बोललो.

ते दीड-दोन महिने सावळा दर बाजाराला यायचा. काही मागायचा नाही. "आलं का सायेब?" एवढंच. एकदा शालनला घेऊन आला आणि तिला कर्णा दाखवून म्हणाला, "ह्यातनं तुजी आय बोलंल." पोरगी कर्ण्यात डोकं घालून बघायला लागली. मी तिच्या हातावर साखर ठेवली आणि आत निघून गेलो.

मे महिन्यात आम्ही लोणावळ्याला गेलो. मुन्शी व्हरांड्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. सावळ्याला पाहून उठून उभे राहिले, "अरे, ढोलवाले! रेकॉर्ड तुमची जोरात चालली हां!" मी त्यांना सांगितलं. ते एकदम खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नव्हतं ते. म्हणाले, "शेवटी ती गायली तेव्हा टेप थांबवला होता, सोपानभाई. तीन मिनिटं होऊन गेलेली. पण बाई इतक्या मनापासून गात होती, मला तिला थांब म्हणवेना. म्हटलं, गाऊ दे."

"ते समजलं," मी म्हटलं. "पण आधीचं? ट्रायल घेतली ती?"

 मुन्शी हळूच म्हणाले, "एकच रीळ उरलं होतं ना. हे ढोलवाले परत पहिल्यापासून घ्या म्हणाले. मग त्याच रिळावर घेतलं. नवं भरलं की जुनं जातं."

सावळ्याला कळलं नाही. त्यानं मला विचारलं, "काय म्हंत्यात?"

मला खोटं बोलायला हवं होतं का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. पण मुन्शीच उठले, आत जाऊन एक रिकामी चकती घेऊन आले आणि त्याच्या शेजारी पायरीवर बसून त्यांनी त्याला समजावलं, पट्टी एकच असते, हिच्यावर एकदा भरलं, मग उलटी फिरवून परत भरलं. सावळा ती चकती बोटानं फिरवत ऐकत होता.

"म्हंजी भागूमावशी तिच्यावरनं गाऊन गेली," तो म्हणाला.

"हो."

"आन् पयल्यापासनं घ्या, ह्ये म्याच म्हनलो."

मुन्शींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.  आतून बाईसाहेबांनी चहा पाठवला, तो तसाच गार झाला. स्टेशनकडं येताना मी तोंड उघडलं, नको तेव्हा तोंड उघडायची मला खोडच आहे. मी म्हटलं, "सावळाभाऊ, तू पाहुण्यांचा मान राखलास. तिलाही ते आवडलं होतं."

"मान राखला," तो म्हणाला. "तिला न्हाई राखली."

कामशेतला उतरल्यावर तो सरळ डोंगराच्या वाटेला लागला.

ही गोष्ट खोऱ्यात पसरायला वेळ लागला नाही. भागूबाईला कळली तेव्हा म्हातारी उर्स्याहून चालत बेडशाच्या वाडीवर गेली. येताना माझ्या दुकानात शिरली, पायांना धूळ, डोळे सुजलेले. म्हणाली, "सोपाना, त्या सायबाला सांग, माजं काडून टाक आन् तिचं लाव. मला न्हाई पायजे. म्या एवडं कशाला लांबवलं रं?" मी तिला पाणी दिलं. तिला मी काय सांगणार, काढून काही निघत नाही म्हणून?

रेकॉर्ड मात्र चालतच राहिली. लग्नांत, जत्रांत, तमाशाच्या तंबूबाहेर. बँडवाल्यांनी तो ठेका उचलला आणि त्यावर स्वतःची गाणी बसवली. शाळेच्या पोरांनी कवायतीला उचलला. ज्याला त्याला त्यावर आपलं काहीतरी म्हणायचं होतं. मी ती वाजवायचं बंद करून पाहिलं, तर लोक दुसऱ्याचा लाउडस्पीकर आणायला लागले. पोटाला काय सांगू? खाली गावात माझा कर्णा लागला की आवाज वर वाडीपर्यंत जायचा. सावळा म्हणे तेव्हा रानात निघून जायचा. वर्ष उलटलं तरी त्यानं ढोल खुंटीवरून काढला नाही. गौरी आल्या, गेल्या. पाहुणे दुसऱ्या वाड्यांवर नाचायला लागले. दुसरी बायकोही त्यानं केली नाही. लोकांनी सांगून पाहिलं, मीही सांगितलं. म्हातारी आजीही दोन वर्षांत गेली, शालनला त्यानं एकट्यानं वाढवली.

चौऱ्याहत्तर साली शालनचं लग्न ठरलं. सावळा दुकानात आला, डोक्यावरचे केस पांढरे झालेले. म्हणाला, "सोपानभाऊ, मांडवाला या. पर कर्णा नगं. पोरीच्या हळदीला म्या सोता वाजिवनार."

मी रिकाम्या हातानं गेलो. सकाळची वेळ, अंगणात आंब्याचे डहाळे लावलेले, शालन हळद लावून पाटावर बसलेली. ठेंगणी, आईसारखी. सावळ्यानं पेंढ्यावर ढोल तापवला. दहा वर्षांनी गळ्यात घातला आणि पहिला ठोका दिला, तेव्हा सगळ्या वाडीच्या अंगावर काटा आला. तोच ठेका, तोच दम. रेकॉर्डमध्ये तो कधीच तसा आला नव्हता. भागूबाई आता काठी टेकत आली होती. मान तिचा, ती पहिली. मग सावित्राबाई, मग व्याह्यांकडच्या बायका. एकेकीचं झालं.

आणि मग घरच्या बाईची पाळी आली.

ढोल नुसता वाजत राहिला. एक फेर, दुसरा, तिसरा. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. नवरीनं स्वतःच्या हळदीत गायची रीत नाही. सावळा मान खाली घालून वाजवतोय, थांबत नाही. रीतच तशी, घरचीनं म्हटल्याशिवाय थांबायचं कसं? त्याच्या मनगटाच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. शालन पाटावर बसल्या-बसल्या रडायला लागली.

भागूबाई काठी टाकून त्याच्याजवळ गेली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "सावळा, तिचं येकांदं कडवं सांग रं. कंचं बी सांग. म्या म्हंते तिच्या वाटचं. मंग थांब."

सावळ्याचे हात हळू झाले. मग थांबले. त्यानं म्हातारीकडं पाहिलं आणि असा आवाज काढला, मी तसा आवाज माणसाच्या तोंडून परत ऐकला नाही.

"मला ठावं न्हाई, मावशे," तो म्हणाला. "वाजिवताना सबुदाकडं ध्यान गेलं का हात चुकतुया. जलमभर ती माज्या ढोलावर गायली आन् म्या येकदा बी ऐकली न्हाई. येकदाच हात मोकळं व्हतं माजं. त्या पेटीतनं गायली तवा. आन् तवा म्या हुबा ऱ्हाऊन, पावन्यांचा मान कसा ऱ्हाईल, ह्येच बगत व्हतो."